दोन्ही टोकं मोजा : शहरांचा अभ्यास करवून घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शहरांच्या विकासाचा अभ्यास करवून घेणाऱ्या, त्यासाठी निधी देणाऱ्या आणि त्या अभ्यासावरून धोरण ठरवणाऱ्या सर्व संस्थांचे प्रमुख आणि सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सर्व्हे करते. घरोघरी जाऊन फॉर्म भरून घेणं, ते तपासणं, त्यांचे तक्ते करणं हे माझं गेल्या सोळा वर्षांचं काम. तुमच्या अहवालांच्या शेवटच्या पानावर 'क्षेत्रीय कार्यकर्ते' असा एका ओळीचा उल्लेख असतो, त्यातली मी एक.

शहरातली विषमता आणि शाश्वत विकास या विषयावरच्या एका अभ्यासात मी दोन वर्षं होते. अहवाल छापून हातात आला तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी गायब होत्या. सुखवस्तू वसाहती नमुन्यातून, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या घरांतून, वगळल्या होत्या, कारण तिथून पुरेसे फॉर्म भरून आले नव्हते. वस्तीनिहाय तक्तेही काढून टाकून त्यांच्या जागी संपूर्ण शहराची सरासरी घातली होती. लहान लहान भागांचे आकडे वाचणाऱ्याला गोंधळात टाकतात, असं बैठकीत आम्हाला सांगण्यात आलं. मग उरली ती गरीब वस्त्यांची वर्णनं आणि एक सरासरी. अहवालाचं नाव मात्र बदललं नाही. मुखपृष्ठावर अजूनही 'विषमता' हाच शब्द आहे.

मला हे गप्प बसून मान्य करता येत नाही. अभ्यास एका ठिकाणचा होता, पण ही सवय सगळीकडची आहे, म्हणून पत्र एका संस्थेला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

या कामाशी माझं नातं पगारापुरतं नाही. मी ज्या घरात वाढले ते शहराच्या कुठल्याच नकाशावर नव्हतं. मी लहान असताना वस्तीत फॉर्म घेऊन माणसं यायची. आई हातातलं काम टाकून उत्तरं द्यायची. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, संडासाला कुठे जाता, कमावतं कोण. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता काहीतरी होईल. त्या उत्तरांचं पुढे काय झालं हे सांगायला एकदाही कुणी परत आलं नाही. आता फॉर्म घेऊन दारात मी उभी असते. दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तीच आशा दिसली की माझी मान खाली जाते.

माझी पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे. विषमता म्हणजे दोन टोकांमधलं अंतर. तुम्ही एकच टोक मोजता.

गरीब वस्तीत आम्हाला कोणी अडवत नाही. दाराला कडीच नसते, मग अडवणार कसे? आम्ही त्यांच्या खोलीची लांबी-रुंदी मोजतो, भांडी मोजतो, कर्ज विचारतो, मागच्या वर्षी कोण आजारी पडलं ते विचारतो. बंदिस्त वसाहतीच्या फाटकावर मात्र सुरक्षारक्षक थांबवतो, रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो, वर फोन करतो आणि 'साहेब नाही म्हणतायत' असं सांगतो. तीन फेऱ्या झाल्या की आम्ही त्या घरापुढे 'प्रतिसाद नाही' असं लिहितो. अशी पुरेशी घरं जमली की तुम्ही ती वसाहतच नमुन्यातून काढून टाकता. श्रीमंत घरं सर्वेक्षणातून निसटतात हे संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही त्यावर उपाय केला जात नाही, हे मला खटकतं.

काम अवघड आहे, पण अशक्य नाही. लंडनमध्ये चार्ल्स बूथ नावाच्या उद्योजकाने १८८६ साली स्वतःच्या पैशांनी पाहणी सुरू केली. १८८९ पासून त्याचे नकाशे छापून येऊ लागले. त्यात एकेक रस्ता रंगवलेला होता. सगळ्यात हलाखीचा काळा, मग निळ्याच्या दोन छटा, मग जांभळा, गुलाबी, लाल आणि सगळ्यात धनिकांचा पिवळा. लंडनमधली जवळपास ३० टक्के माणसं गरिबीत राहतात हा त्याचा निष्कर्ष त्या काळी धक्का देणारा ठरला. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने पिवळा रंगही त्याच कागदावर भरला. पिवळ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत काळा रंग दिसला की अंतर किती आहे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे उपग्रहांची चित्रं आहेत, संगणक आहेत, तरी आपला नकाशा अर्धाच रंगवलेला असतो.

वरचं टोक न मोजल्याने शाश्वत विकासाचं नेमकं काय बिघडतं, ते पाण्याच्या एका उदाहरणावरून सांगते. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन शहर नळ बंद पडण्याच्या उंबरठ्यावर आलं होतं. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली. त्या शहराच्या पाणीवापराचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार वरच्या उत्पन्नगटांतले जेमतेम १४ टक्के लोक शहराच्या निम्म्याहून अधिक पाणी वापरत होते, आणि गरीब व अनौपचारिक वस्त्यांतले सुमारे ६२ टक्के लोक मिळून २७ टक्क्यांच्या आसपास. वरच्यांचं पाणी जात होतं बागांना, पोहण्याच्या तलावांना, गाड्या धुवायला. टंचाईत ज्यांची ऐपत होती त्यांनी बोअर खणून घेतल्या. म्हणजे नळाच्या हिशेबात त्यांचा वापर कमी दिसला आणि जमिनीखालचा साठा उपसला गेला. आता अशा शहरात फक्त गरिबांचा सर्व्हे करा. अहवालात निघेल की पाणी कमी आहे, लोकसंख्या वाढते आहे, काटकसर शिकवायला हवी. काटकसर कुणाला शिकवायची? जे आधीच हंड्याने पाणी मोजतात त्यांना?

वरच्या टोकाचा आणखी एक परिणाम सहसा कुठे नोंदला जात नाही. ज्याच्या घरी स्वतःची बोअर, स्वतःचा जनरेटर, स्वतःची गाडी, खाजगी शाळा आणि खाजगी दवाखाना असतो, त्याचा शहराच्या सार्वजनिक सेवांशी संबंधच संपतो. नळाला पाणी आलं नाही तर फोन करणारा, बस उशिरा आली तर तक्रार करणारा, ज्याची तक्रार ऐकली जाते असा माणूस त्या व्यवस्थेतून बाहेर पडतो. मग ती व्यवस्था खालावते, खालावली म्हणून मधल्या वर्गातले लोकही बाहेर पडू लागतात, आणि शेवटी तिथे ज्यांच्या शब्दाला वजन नाही तेवढेच राहतात. असं घसरत गेलेलं शहर टिकाऊ कसं होणार? पण हे 'बाहेर पडणं' आजवर मी भरलेल्या एकाही फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.

दुसरी तक्रार सरासरीबद्दल. संपूर्ण शहराला माणशी इतकं पाणी, इतकी झाडं, इतके दवाखाने, असं तुम्ही छापता. एका भागात चोवीस तास पाणी आणि दुसऱ्या भागात एक दिवसाआड तासभर, यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तसं पाणी शहरातल्या एकाही घरात येत नसतं. जिनी गुणांक हा विषमतेचा सर्वांत परिचित निर्देशांक, इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोरादो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला. शून्य म्हणजे पूर्ण समानता, एक म्हणजे सगळं एकाच्याच हाती. तो उपयोगी आहे, मीही तो काढते. पण कोण कुठे राहतं हे त्याला दिसत नाही. एका शहरात श्रीमंत-गरीब शेजारी राहत असतील, एकाच शाळेत मुलं पाठवत असतील, आणि दुसऱ्या शहरात मधे भिंत आणि दहा किलोमीटर अंतर असेल, तरी दोन्ही शहरांचा गुणांक सारखाच येऊ शकतो. त्याच्या जोडीला पाल्मा गुणोत्तर द्या, म्हणजे वरच्या १० टक्क्यांचा वाटा तळच्या ४० टक्क्यांच्या वाट्याच्या किती पट आहे ते. शिवाय वस्तीनिहाय तक्ता द्या. सीमारेषा कुठे आखल्या तेही सांगा, कारण झोपडपट्टी आणि उंच इमारती एकाच प्रभागात टाकल्या की दोन्हींची सरासरी मध्यमवर्गीय निघते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरी तक्रार प्रश्नांची. 'शौचालय आहे का? हो / नाही.' मी 'हो' वर खूण करते आणि शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिते, की एका शौचालयामागे किती कुटुंबं, सकाळी रांग किती वेळ, रात्री दिवा आहे की नाही, बायका अंधार पडायच्या आत जाऊन येतात. डेटा संगणकात भरताना 'हो' जातं, पेन्सिलीचं लिखाण जात नाही. इतर कुटुंबांबरोबर वाटून वापरल्या जाणाऱ्या शौचालयाला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजणीत 'मर्यादित' असा वेगळा वर्ग आहे. मग आपल्या फॉर्ममध्ये तो का नसावा? सार्वजनिक वाहतुकीचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या निकषानुसार घरापासून चालत ५०० मीटरच्या आत बसथांबा असला की वाहतूक 'सोयीची' धरली जाते. थांबा असेल, पण बस तासाने येत असेल, भरून येत असेल, शेवटची बस कामावरून सुटायच्या आधीच निघून जात असेल, तर ती सोय कुणाची? शहराच्या मध्यात घर न परवडल्यामुळे माणसं कडेला जातात आणि दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर घालवतात. तो वेळ, तो धूर आणि त्या रस्त्यांसाठी गिळलेली जमीन हा शाश्वततेचाच हिशेब आहे. पण तो घरांच्या तक्त्यात येत नाही, वाहतुकीच्याही तक्त्यात येत नाही.

चौथी तक्रार 'हरित' म्हणवल्या जाणाऱ्या कामांची. झाडं, तलाव, नदीकाठ यांवर माझा काही राग नाही. उलट त्यांची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे तिथे ती पोहोचत नाहीत, हे माझं दुखणं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे नकाशे केले गेले. त्यात मुख्यतः कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित लोकांच्या वस्त्या लाल रंगवून 'धोकादायक' ठरवल्या. तिथे कर्ज मिळेना, गुंतवणूक होईना, झाडं लागेनात, मोठे रस्ते आणि गोदामं मात्र आली. २०२० साली १०८ शहरांच्या अभ्यासात दिसलं, की तेव्हा लाल रंगवलेले भाग आजही इतर भागांपेक्षा सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने जास्त तापतात. नव्वद वर्षांपूर्वी कागदावर मारलेली रेघ आज उन्हाळ्यात अंगाला लागते. त्यात शेजारच्या इमारतींचे एसी आतली उष्णता बाहेर फेकतात आणि पत्र्याच्या छपराखाली झोपणारा ती झेलतो. आणि झाडं लागलीच, नदीकाठ सुधारलाच, तर भाडी वाढतात. ज्यांनी नाला घाण असताना त्याच्याकाठी तीस वर्षं काढली, ती माणसं तो साफ झाल्यावर तिथे राहू शकत नाहीत. तुमच्या अहवालात तो भाग 'सुधारला' असं लिहिलं जातं. माणसं बदलली, भाग तोच राहिला. उठून गेलेली कुटुंबं कुठे गेली, हे मोजायला आम्हाला कधीच पाठवलं जात नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते, कारण ती आईच्या गोष्टीत येऊन गेली आहे. तुम्ही माहिती नेता, परत आणून देत नाही. १९८५ साली मुंबईत पदपथावर राहणाऱ्या लोकांनी 'स्पार्क' या संस्थेबरोबर स्वतःची गणना स्वतः केली, कारण सरकारी मोजणीत ते नव्हतेच. केनियातल्या नैरोबी शहरातली किबेरा ही वस्ती २००९ पर्यंत नकाशांत जवळपास कोरी होती. तिथल्या तरुणांनी जीपीएस घेऊन गल्लीबोळ फिरून तिचा खुला नकाशा तयार केला. लोकांना आकडे कळत नाहीत असं मला निदान तुम्ही तरी सांगू नका.

मात्र एक सावधगिरी हवी, आणि तिच्याबद्दल आम्हा सर्व्हे करणाऱ्यांमध्येही मतभेद आहेत. ज्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, त्यांच्या घराचा अचूक नकाशा उद्या बुलडोझरची यादी बनू शकतो. म्हणून काय छापायचं आणि काय नाही, हे त्या वस्तीला विचारून ठरलं पाहिजे. माझं मत असं, की गरिबांच्या बाबतीत गोपनीयता काटेकोर पाळावी आणि श्रीमंतांच्या बाबतीत गोपनीयतेचं निमित्त पुढे करून मोजणीच टाळू नये. सध्या नेमकं उलटं चालतं.

तुम्ही म्हणाल, उद्दिष्टं जागतिक पातळीवर ठरली आहेत, आम्ही त्यांच्या चौकटीत काम करतो. ती चौकट पुन्हा वाचावी अशी विनंती आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं स्वीकारली. त्यात दहावं विषमता कमी करण्याचं, अकरावं शहरांचं. दहाव्यातलं पहिलंच लक्ष्य म्हणतं की तळच्या ४० टक्के लोकांचं उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा वेगाने वाढावं. वरच्या टोकाबद्दल त्या लक्ष्यात एक शब्द नाही. ही उणीव आहे आणि ती तुम्ही भरून काढू शकता, तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. सतराव्या उद्दिष्टात तर स्पष्ट लिहिलं आहे की आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय, स्थलांतर, अपंगत्व आणि भौगोलिक ठिकाण यांनुसार फोड करून उपलब्ध व्हावी, त्यासाठी २०२० पर्यंत क्षमता वाढवावी. म्हणजे जे तक्ते तुम्ही 'गोंधळात टाकतात' म्हणून गाळता, ते देण्याचा शब्द देशांनी आधीच दिलेला आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

विषमतेच्या प्रत्येक अभ्यासात दोन्ही टोकं मोजा. श्रीमंत वसाहतीत फॉर्म भरून मिळत नसेल तर पाण्याच्या मीटरच्या, विजेच्या वापराच्या, मालमत्ता कराच्या आणि वाहननोंदणीच्या आकड्यांची वसाहतनिहाय बेरीज घ्या. त्यात कुणाचं नाव लागत नाही. तेही मिळालं नाही तर अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा की हे टोक मोजलेलं नाही, आणि मग त्या अहवालाला विषमतेचा अभ्यास म्हणू नका.

सरासरी छापली की तिच्याच खाली सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या भागाचा आकडा छापा.

पाणी किती तास, रांग किती वेळ, बस किती वेळाने आणि भाडेकरूला घर सोडायला किती दिवसांची मुदत मिळते, हे चार प्रश्न घरांच्या प्रत्येक सर्वेक्षणात घाला.

जिथे सुधारणा झाली तिथून उठून गेलेल्या कुटुंबांचा किमान पाच वर्षं माग ठेवा. खर्चिक आहे, पण ते केल्याशिवाय प्रकल्प यशस्वी झाला असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

अहवाल छापण्याआधी मसुदा त्या त्या वस्तीत नेऊन लोकांच्या भाषेत वाचून दाखवा. चुकलेलं ते दुरुस्त करतील. फॉर्मच्या कोऱ्या जागेत आम्ही लिहिलेलं जपून ठेवा. आणि सर्व्हे करणाऱ्यांना फॉर्मच्या संख्येवर पैसे देणं बंद करा, कारण त्याने घाईघाईत 'हो' वर खूण करणारा जास्त कमावतो आणि थांबून ऐकणारी कमी.

त्या अभ्यासातून गाळलेले वस्तीनिहाय तक्ते माझ्याकडे नाहीत, ते संस्थेचे आहेत आणि मी ते चोरून आणणार नाही. पण ते कसे केले हे मला माहीत आहे आणि पुन्हा करता येतील. बंदिस्त वसाहतीच्या फाटकावर तीन फेऱ्या झाल्या होत्या. चौथ्या फेरीला जायची माझी तयारी आहे. या वेळी माझ्याबरोबर तुमच्यापैकी एकाने यावं. सुरक्षारक्षक फोन लावेल तेव्हा तुमचं नाव सांगू द्या, आणि वरून काय उत्तर येतं ते आपण दोघं मिळून फॉर्मवर लिहू.

आपली,
एक सर्व्हे करणारी